लेकींच्या वाटेवरचे गाव

पुण्याहून अंबाजोगाईला पोहोचायला आम्हांला एरवी सात-आठ तास लागतात. अडीच वर्षांचे लेकरू बरोबर असले की दहा धरावेत. २०२५ च्या दिवाळीत मुलीला घेऊन आम्ही पहिल्यांदाच सगळ्या नातलगांकडे फिरलो. जामखेड तालुक्यात माझ्या आजीच्या माहेरी काही तास, पाटोदा तालुक्यात आमच्या मूळ गावी एक रात्र, अंबाजोगाईला आई-वडिलांकडे चार दिवस, परळीला आत्याकडे भाऊबीज आणि शेवटी धारूर तालुक्यात मुलीच्या आजोळी मुक्काम, असा तो बेत होता. मुलीला या प्रवासातले काय आठवेल हे सांगता येत नाही. बहुधा पाटोद्याच्या रानात दिसलेला मोर आणि परळीच्या घरातली मांजर एवढेच. मला मात्र या फिरण्यात एका जुन्या प्रश्नाचे टोक हाती लागले. तो प्रश्न बीड जिल्ह्याच्या इतिहासाचा आहे आणि आमच्या घरचाही आहे.

आमच्या घरी एक वंशावळ आहे. आजोबांनी शाईने लिहिलेली, घडीवर फाटलेली, मागून खळीने कापड चिकटवलेली. तीत नऊ पिढ्या आहेत आणि सगळे पुरुष आहेत. अशा वंशावळी बहुतेक घरांत असतात आणि त्या तशाच असतात, म्हणून त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण या खेपेला मुक्कामाची ठिकाणे कागदावर मांडताना लक्षात आले, की मूळ गाव सोडले तर यांतले एकही ठिकाण वंशावळीतल्या पुरुषांमुळे आमच्या वाट्याला आलेले नाही. जामखेडची वाट आजीमुळे, परळीची आत्यामुळे, धारूरची पत्नीमुळे. अंबाजोगाईत तर आमचे कुणीच नव्हते. वडिलांची आत्या तिथे दिलेली होती, तिच्याकडे राहून वडील शिकले आणि पुढे तिथेच स्थायिक झाले. म्हणजे आपण ज्याला 'गावाकडे जाणे' म्हणतो ते पुष्कळदा लेकींनी पाडलेल्या वाटांवरून चालणे असते. वंशावळ खांब दाखवते. घर तुळयांवर उभे असते.

जामखेड आणि पाटोदा हे शेजारचे तालुके. आज गाडीतून जाताना एक जिल्हा संपून दुसरा सुरू झाल्याची पाटी तेवढी दिसते. आजीच्या तरुणपणी ही दोन राज्यांची सरहद्द होती. जामखेड अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सरहद्दीच्या अलीकडची माणसे पलीकडच्या प्रदेशाला 'मोगलाई' म्हणत, आणि माहेरची माणसे आजीला 'मोगलाईत दिलेली' म्हणत. बैलगाडीने एका दिवसाचे अंतर. पण नाणे वेगळे, कालगणना वेगळी, कचेरीची भाषा वेगळी. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले. साधारण सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये असा भाव असे. सरकारी कागदावर फसली सन असे आणि कचेरीची भाषा उर्दू असे. संस्थानाची स्वतःची जकात होती. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. माहेरून परतताना बाळंतविड्यातल्या नव्या कापडाच्या घड्या नाक्यावर उलगडून दाखवाव्या लागल्या, ही आजीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. तिच्या बोलण्यात त्या अपमानाचा राग नसे, घड्या मोडल्याचा असे.

या वाटेचा खरा उपयोग १९४८ मध्ये झाला. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने भारतात सामील होण्याचे टाळले. रझाकारांचा धाक वाढला, तशी संस्थानाच्या सीमेवरच्या गावांतील पुष्कळ कुटुंबांनी बायका-मुले सरहद्दीपलीकडे, नगर-सोलापूरच्या भागात पाठवली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना सरहद्दीवरील शिबिरे, सत्याग्रह, सशस्त्र प्रतिकार यांचे वर्णन येते आणि ते यायलाच हवे. पण इतकी माणसे सरहद्द ओलांडून गेली ती राहिली कुणाकडे, असा प्रश्न विचारला, तर एक उत्तर अगदी साधे आहे: बायकांच्या माहेरी. माझी आजीही दोन वर्षांच्या मुलीला काखेत घेऊन अशीच माहेरी गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि दिवाळीच्या सुमारास आजी परतली. ती काखेतली मुलगी म्हणजे परळीची माझी आत्या. आजीच्या भावाच्या घरी अंगणात माझी मुलगी खेळत होती, तेव्हा तिथल्या मामींनी सांगितले, की या ओट्यावर तुझी आत्या चालायची. पुरावा म्हणून हे काही नाही, ओटाही नंतर सिमेंटचा झाला आहे. तरी मी मुलीला त्यावर चालवून घेतले.

राज्ये बदलली तशा वाटाही बदलल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सरहद्द पुसली गेली, पण रेल्वे निजामी आखणीचीच राहिली. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी तेवढी रुळांवर होती आणि तेथून गाड्या हैदराबादकडे जात. नगर-पुण्याकडे जायला थेट रूळ नव्हता. सुमारे तीस वर्षे रखडत आलेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर आष्टीपर्यंतची गाडी २०२२ मध्ये सुरू झाली, आणि बीड शहरात अहिल्यानगरची गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी. आम्ही गेलो तेव्हा त्या घटनेला जेमतेम महिना झाला होता आणि जो भेटेल तो तिच्याविषयी बोलत होता.

साहित्याच्या अभ्यासकांना अंबाजोगाई ठाऊक असते ती मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे. शके १११० च्या 'विवेकसिंधू'ची रचना इथली की विदर्भातल्या आंभोऱ्याची, हा वाद आपल्याकडे पुष्कळ चालला. मुकुंदराजांची समाधी इथे दाखवतात, म्हणून अंबाजोगाईकरांच्या मते वाद केव्हाच मिटलेला आहे. दासोपंतांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेले 'पंचीकरण', हे तर मराठी हस्तलिखितांतले नवलच. वडिलांच्या पुस्तकात तिचे चित्र पाहून माझ्या मुलीने "ही गोधडी कुणाची?" असे विचारले. पासोडी या शब्दाच्या अर्थाशी तिचा प्रश्न फारसा विसंगत नव्हता. दासोपंतांच्या चरित्रातही एक घरापासून दुरावलेले मूल आहे. वडील दिगंबरपंत बेदरच्या सुलतानाच्या चाकरीत होते. सरकारी वसुलीच्या बाकीपोटी त्यांच्या मुलाला ओलीस ठेवले गेले आणि दत्तात्रेयानेच पाडेवाराच्या रूपात येऊन ती रक्कम भरली, अशी कथा सांप्रदायिक सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी मुलाला घरी परत आणण्याची ती धडपड उरते, आणि कथेचे बळ बहुधा तिथेच आहे.

पण अंबाजोगाई हे नाव ज्या देवीचे, तिच्याकडे वळले की माझा मूळ विषय पुन्हा समोर येतो. योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांतील अनेक कुळांची कुलस्वामिनी. सह्याद्रीपलीकडच्या समुद्रकाठच्या समाजाची देवी बालाघाटाच्या या डोंगरपठारावर कशी, याचे कोडे येणाऱ्याजाणाऱ्याला पडते. त्याची लोकांनी दिलेली दोन उत्तरे आहेत. एका कथेनुसार देवी मूळची कोकणची. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले आणि ती कुमारिकाच इथे राहिली. हत्तीखाना नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांतले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातले, असे गावकरी सांगतात. दुसरी कथा याच्या उलट्या दिशेने जाते. परशुरामाने कोकणात वसवलेल्या तरुणांना मुली कुठून द्यायच्या, तर त्या अंबाजोगाईच्या दिल्या. आणि मुली देताना इथल्यांनी अट घातली, की आमची योगेश्वरी तुमची कुलस्वामिनी व्हावी.

इतिहास म्हणून या दोन्ही कथांना आधार नाही, आणि तो शोधण्याचा खटाटोप मी करणार नाही. परंतु आख्यायिका घडताना समाज कोणते नाते गृहीत धरतो, हे तिच्यातून नेमके कळते. दुसरी कथा खरी मानली तर योगेश्वरी हे एका अख्ख्या समाजाचे आजोळ ठरते. पिढ्यान्‌पिढ्या लोक लहान मुलांना घेऊन शेकडो मैल इथे येतात, त्यांना देवीच्या पायांवर घालतात, ते पूर्वजांच्या गावी येत नसून पूर्वजांच्या आईच्या गावी येतात. कुळ वडिलांचे, कुलस्वामिनी आईकडची. वंशावळीने ज्यांची नावे गाळली, त्यांची सोय आख्यायिकेने अशी करून ठेवली आहे. देवळाच्या आवारात कोकणातून आलेले एक कुटुंब भेटले. कडेवर माझ्या मुलीच्याच वयाचा मुलगा. दोघांनी एकमेकांची बिस्किटे घेतली.

आख्यायिकेपेक्षा भक्कम पुरावाही अंबाजोगाईत आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा इथला. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० चा एक शिलालेख त्याच्या कुटुंबाविषयी सांगतो. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातवरच्या स्वारीत नर्मदेकाठी लढताना मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ इथे देऊळ उभारले ते त्याच्या बहिणीने. तिचे नाव लक्ष्मी. राजकीय इतिहासात हा लेख सिंघणाच्या गुजरात मोहिमेचे साधन म्हणून उद्धृत होतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात तेराव्या शतकातील एक लेक दिसते, जी भाऊ गेल्यावर माहेरचे नाव दगडात कोरून ठेवते. आज खोलेश्वराचे आणि रामाचे नाव घ्यायचे, तर या बहिणीच्या लेखाचा आधार घ्यावा लागतो.

परळीतही तसेच. वैजनाथाच्या ज्या देवळाच्या पायऱ्या माझी मुलगी एकेक मोजत, म्हणजे 'एक, दोन, पाच' असे म्हणत चढली, त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. अहिल्याबाई १७२५ मध्ये जन्मल्या त्या चौंडीत, जामखेड तालुक्यात. सून म्हणून होळकरांच्या घरी गेल्या, राज्य चालवले आणि देशभर देवळे, घाट, विहिरी बांधल्या. त्यांच्या धर्मकार्याचा नकाशा पाहताना काशी, गया, सोमनाथ यांकडे लक्ष जाते. पण माहेरच्या मुलखापासून चार-पाच दिवसांच्या गाडीवाटेवर असलेल्या परळीचाही त्यात समावेश आहे, याकडे एखाद्या माहेरवाशिणीच्या नजरेतून पाहायला हरकत नसावी.

आत्याकडे भाऊबीज झाली. ती आता ऐंशीला टेकली आहे. तिने पंच्याहत्तरीच्या भावाला ओवाळले, आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन विचारले, "तुझं नाव कुणी ठेवलं ग?" उत्तर तिला ठाऊक होते. बारशाला मुलाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आमच्याकडे तो माझ्या बहिणीने बजावला होता. जावळ काढताना मांडी मामाची. आपल्या नातेव्यवस्थेत मुलाच्या वाढीचा प्रत्येक टप्पा असा एखाद्या बहीण-भावाच्या जोडीवर टेकलेला असतो. आत्या म्हणजे बापाची बहीण, मामा म्हणजे आईचा भाऊ. मावशी म्हणजे आईची बहीण. यांतले कोणतेही नाते कुणाच्या तरी घरी लेक जन्मल्याशिवाय निर्माणच होत नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केलेल्या ओव्या पाहा, किंवा गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखभर ओव्या पाहा. माहेर, भाऊ, लेक यांभोवती त्या कितीतरी वेळा फिरतात. नव्वदच्या दशकात त्यांनी बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातही ओव्या ध्वनिमुद्रित केल्या; तिथल्या बायकांनी त्याच चालीवर बाबासाहेबांना आपल्या घरचा माणूस करून घेतले होते. जात्यावर बसलेल्या बाईला देवही आणि नेताही नात्यात बांधून घेता येतो, कारण नाते ही तिची स्वतःची मिळकत असते.

याच परळीविषयी लिहिताना पुढची गोष्ट टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वांत कमी होते. दहाच वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ते ८९४ होते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला होता, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही आकडा असा घसरला. मे २०१२ मध्ये परळीतल्या एका खासगी रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, तिला आधीच्या मुली होत्या, आणि त्यानंतर जे उघडकीस आले त्याने जिल्ह्याचे नाव देशभर गेले. नंतर तपासणी वाढली, खटले चालले, शिक्षाही झाल्या. २०११ नंतरची जनगणना लांबत गेली, त्यामुळे तसाच घरोघरचा पक्का हिशेब पुन्हा हाती येण्याची वाट पाहावी लागली. पण २०११ साली मोजलेली ती मुले आता तरुण होत आहेत. ज्या घरात लेक जन्मू दिली नाही, त्या घरातल्या नातवाच्या बारशाला आत्या उसनी आणावी लागणार आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. साधी बेरीज-वजाबाकी आहे. ज्या जिल्ह्याची आख्यायिका आपण कोकणाला मुली दिल्या असे अभिमानाने सांगते, तिथे मुली मोजण्याची वेळ आली.

मराठवाड्यात मुलाला 'लेकरू' म्हणतात. पुण्यात हा शब्द आता पुस्तकी वाटतो; इथे तो दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. लेकरू नपुंसकलिंगी आहे. मुलगा असो की मुलगी, भाषा त्याला एकाच मायेने हाक मारते. भाषेची ही जुनी शहाणीव बोलणाऱ्यांच्या वागण्यात उतरतेच असे नाही, हेही याच जिल्ह्यात शिकायला मिळते.

धारूरजवळच्या आजोळी मुलीचे जावळ निघाले. मामाच्या मांडीवर ती आधी रडली, मग आरशात स्वतःचे गुळगुळीत डोके पाहून हसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या वेशीपाशी ट्रॅक्टर उभे होते. दिवाळी आटोपली की इथली माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जायचे, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची आणि चैत्र-वैशाखाच्या सुमारास परतायचे. या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. लग्नाशिवाय कोयता पुरा होत नाही, आणि मोठ्या झालेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे हा घोर असतो. त्यामुळे मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर पाच स्त्रियांपैकी दोघींहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

एका ट्रॉलीत भांडी, बोचकी, सरपण, दोन शेळ्या आणि या सगळ्यावर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर माझ्या मुलीएवढीच मुलगी. थोरला मुलगा शाळेसाठी आजीपाशी राहणार होता, तो खाली उभा होता. आम्ही शहरातून सुट्टी काढून लेकरू घेऊन गावी आलो होतो. ते लेकरू घेऊन गाव सोडत होते. दोन लहान मुलींनी एकमेकींकडे पाहिले. माझ्या मुलीने हात हलवला. दुसरीने तोंडात घातलेले बोट काढले आणि पाहत राहिली. पुढचे पाच महिने तिचे घर म्हणजे कारखान्याजवळची कोपी. तिच्या बाबतीत 'गावी जाणे' हा शब्द उन्हाळ्याचा. या वाटेचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याची साधने कोणती असतील? मुकादमाच्या वहीत कोयत्यांची संख्या सापडेल. ट्रॉलीतल्या मुलीचे नाव त्या वहीत नसते.

परतीच्या आदल्या दिवशी अंबाजोगाईत वडिलांनी वंशावळ काढली. नातीचे नाव घालावे, असे त्यांच्या मनात होते. ते त्यांनी घातले, वळणदार अक्षरात. मग माझ्या बहिणीचे, मग परळीच्या आत्याचे. आजीचे नाव घालताना त्यांनी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहिली. शेवटी ते आपल्या आत्यापाशी आले. जिच्या घरी राहून ते शिकले, जिच्यामुळे आम्ही अंबाजोगाईचे झालो, तिचे सासरचे नाव त्यांना आठवत होते. माहेरचे आठवेना. परळीला फोन लावला. आत्या बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आम्ही सगळे आत्याबाईच म्हणायचो रे. नाव कधी विचारलंच नाही."

खोलेश्वराच्या लेकीचे नाव आज पावणेआठशे वर्षांनंतरही वाचता येते. आमच्या आत्याबाईंना जाऊन पन्नास वर्षेही झालेली नाहीत. वडिलांनी तिथे एक ओळ कोरी सोडली आणि कागदाची घडी घातली.